जन्माचा रकाना

मी जन्मभर लिहीत आले, पण माझं सगळ्यात लहान अक्षर चार बोटं उंच. त्यामुळे दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी आधी पेन हातात धरून बघितला आणि हसले. एवढ्या बारीक अक्षरात माणूस खोटं बोलला तरी कोणाला दिसायचं नाही. बाजारचौकातल्या फळ्यावर तसं नसतं. तिथं चूक झाली तर सायकलवर धानाचं पोतं नेणारा माणूससुद्धा एक पाय टेकवून सांगून जातो, आणि मग दिवसभर गाव सांगत राहतं.

मी सानगडीची पेंटर. पेंटरची बायको नव्हे, पेंटर. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मी शिडीवर उभी असतानाही लोक खाली बसलेल्या यांनाच विचारायचे की पाटी कधी देता. हे वर बोट दाखवायचे.

लग्न होऊन आले तेव्हा घरात माग चालू होता. सासरे साड्या विणायचे. बाहेरच्या भिंतीलगत ताणा, म्हणजे उभे धागे, पसरून ते त्याला पेज लावायचे, आणि तेवढा वेळ त्या बाजूनं कोंबडीलाही जायची परवानगी नसे. पुढं मागाचा धंदा बसला. यांनी ब्रश हातात घेतला आणि पंचक्रोशीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. काही वर्षांनी यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. एका किराणा दुकानाची पाटी अर्धी राहिली होती, दुकानदार दारात बसलेला, आणि यांचा ब्रश काही केल्या पत्र्यावर स्थिर राहीना. मी त्यांच्या हातातून ब्रश घेतला आणि उरलेलं पूर्ण केलं. दुकानदाराला काही फरक कळला नाही. यांना कळला. रात्री जेवताना म्हणाले की तुझी रेघ माझ्यापेक्षा सरळ आहे. नवऱ्याच्या तोंडून एवढं ऐकायला बायका सात जन्म वडाला फेऱ्या मारतात. मला ते एका किराण्याच्या पाटीवर मिळालं.

रेघ म्हणजे शिरोरेषा. बाहेरच्या माणसाला वाटतं, पेंटरचं काम अक्षर काढणं. अक्षर कोणीही काढतो. आधी सुतळीला खडू फासायचा, दोन टोकांना ताणून धरायची आणि मध्ये चिमटीनं उचलून सोडायची. पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटते. त्या रेघेला अक्षरं टांगायची. ती चुकली की मजकूर कितीही शहाणा असो, पाटी दारू प्यायल्यासारखी दिसते. वाकडी रेघ मला सहन होत नाही. भाच्याच्या लग्नात स्टेजवर थर्माकोलची अक्षरं उतरती लावलेली पाहून मी मंगलाष्टकांच्या आधी खुर्चीवर चढून ती सरळ केली होती. नणंद अजून ते काढते. माझ्याकडे शिकायला आलेली दोन माणसं माझ्या "सरळ, सरळ" या ओरडण्याला कंटाळून पळाली, हेही खरं आहे.

गिऱ्हाइकं काय एकेक आली. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जाहिरात रंगवायला आलेला एक पाटील स्वतःचं नाव बारीक आणि बैलांची नावं मोठी लिहायला सांगून गेला. असा समजदार माणूस पुन्हा भेटला नाही. एका डॉक्टरनं दवाखान्याच्या पाटीवर इतक्या रोगांची नावं लिहवून घेतली की वाचता वाचता मलाच दोन-चार झाल्यासारखे वाटले. आणि मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत नाटकवाल्यांचे बोर्ड असायचे. त्यात प्रत्येक नटाला आपलं नाव दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठं हवं असायचं. मी सगळ्यांना हो म्हणायची आणि सगळी नावं एकाच मापाची काढायची. भांडण व्हायचं, पण सगळ्यांचं मिळून माझ्याशी.

पण मला सांगायचं आहे ते फळ्याचं.

चौकात वाचनालयाच्या भिंतीवर काळा पत्र्याचा फळा होता. पत्रा राइस मिलवाल्या भैयाजींनी दिलेला, म्हणून खालच्या कोपऱ्यात त्यांचं नाव. वरचं सगळं आमचं. सकाळी रेडिओवर बातम्या ऐकायच्या, साकोलीहून पहिल्या बसनं पेपर आला की त्या पडताळायच्या, आणि ऊन चढायच्या आत फळा लिहून मोकळं व्हायचं. खडू कोरडा वापरला तर वाऱ्यानं उडतो. पाण्यात भिजवून लिहिला की अक्षर वाळल्यावर पांढरंशुभ्र उठतं आणि ओल्या फडक्याशिवाय हलत नाही. मथळा असा हवा की सायकल न थांबवता वाचून झाला पाहिजे. खालचा मजकूर थांबणाऱ्यांसाठी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कोणीतरी मोठ्यानं वाचायचं, ही चौकाची रीतच होती.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी मात्र खडू नाही, रंग. फळ्याला काळा हात द्यायचा, वर मोठ्या अक्षरात 'सरत्या वर्षात देश' लिहायचं आणि खाली तीन रकाने पाडायचे. घडलं, जन्मले, गेले. ही यांची कल्पना. गावातलं गावाला माहीतच असतं, तेव्हा फळ्यावर देशाचं लिहायचं, असं त्यांचं म्हणणं. 'घडलं'मध्ये निवडणुका, पूर, लढाया, शोध. 'गेले'मध्ये पुढारी, गवई, नट, शास्त्रज्ञ. या रकान्यावरून दर वर्षी वाद व्हायचा. एका विनोदी नटाचं नाव एका मंत्र्याच्या वर लिहिलं म्हणून मला चौकात उभं करून जाब विचारला होता. मी म्हटलं, ज्यानं जास्त हसवलं तो वर. तेव्हा कोणीतरी म्हणालं, मग मंत्रीच वर पाहिजे.

मधला रकाना, 'जन्मले', कायम रिकामा. यांचा नियमच तसा. या वर्षी जन्मलेल्यातून मोठा कोण निघणार हे आज कोणाला माहीत, पन्नास वर्षांनी या आणि लिहा, असं ते सांगायचे. रिकामी जागा डोळ्यांना टोचते म्हणून मी त्यात धानाची एक लोंबी काढायची. लोकांना ती आवडायची. मलाही तो नियम फार शहाणपणाचा वाटायचा.

जिल्हा फुटला त्या वर्षापर्यंत वाटायचा.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या महाराष्ट्र दिनाला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला. आम्ही साकोली तालुक्याचे, भंडाऱ्यातच राहिलो. पण आमच्या गावापासून थोडं पुढं गेलं की पलीकडचं सगळं गोंदियात. तिकडं आमच्या सोयरिकी, तिकडंच बाजारहाट. आदल्या दिवशीपर्यंत इकडचं आणि तिकडचं एकच होतं, त्यामुळे कुठल्या गावाची शीव कुठं संपते याची कोणी कधी फिकीर केली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी आमच्या मागच्या गल्लीतली इंदू काळी-पिवळी जीपमध्ये बसून माहेरी निघाली होती. दिवस भरत आले होते आणि माहेर नेमकं पलीकडच्या बाजूला. इंदू म्हणजे बाजारच्या दिवशी फळ्याच्या खाली मुरमुरे-फुटाणे विकायला बसायची ती. नवरा धानाच्या हंगामात गावात, एरवी नागपूरकडं विटांच्या भट्टीवर. रस्त्यात तिला कळा सुरू झाल्या. ड्रायव्हरनं मोहाच्या झाडाखाली जीप उभी केली, गडीमाणसं उतरून तळ्याच्या पाळीवर जाऊन बसली, जीपमधल्या बायांनी लुगड्यांचा आडोसा केला आणि तिथंच मुलगी झाली. दोघी धडधाकट. जीपवाल्यानं भाडं घेतलं नाही आणि पुढं वर्षभर प्रत्येक प्रवाशाला ती गोष्ट सांगितली.

खरा घोळ नंतर सुरू झाला. मुलीचा जन्म नोंदवायला इंदू पलीकडच्या गावात गेली तर तिथले म्हणाले, मोहाचं झाड आमच्या शिवेत येत नाही, आणि आमचा जिल्हा नवा आहे, शिक्काही आला नाही, तुम्ही सानगडीचे तर सानगडीकडं जा. इकडचे म्हणाले, बाळ तिकडं झालं, आमचा काय संबंध. मध्ये एकानं तर सुचवलं की झाड नेमकं कोणाचं हे मोजणी झाल्यावर बघू. उन्हाळा गेला, रोवणी झाली, धान कापणीला आलं, आणि इंदू पोरीला पाठीशी बांधून दोन्हीकडं फेऱ्या मारत राहिली. गावाला गंमत झाली. तिच्या सासूनंच पोरीला "अधांतरी" म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच म्हणू लागले. मीही दोन-चारदा हसले असेन.

डिसेंबरात एका बाजारच्या दिवशी मी फळा पुसत होते. इंदू खाली बसली होती, पोर तिच्या मांडीवर. तिनं मान वर करून विचारलं की औंदा पुन्हा तो रंगाचा फळा लिहिणार का. मी म्हटलं, लिहिणार.

"जन्माचा रकाना रिकामा काहून ठेवता, बाई?"

मी यांचा नियम तिला सांगितला. मोठं होऊ दे, मग लिहू. तिनं माप मुरमुऱ्यात खुपसून ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"मंग मोठं होईपरेंत तो जन्मलाच नाई का?"

मी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. मग इंदू खालच्या आवाजात बोलली. या पोरीच्या आधी तिला मुलगा झाला होता, हे मला माहीत होतं, पण विसरायला झालं होतं. थोड्या दिवसांचा होऊन गेला. बारसंही झालं नव्हतं.

"त्याची कोठंच नोंद नाई. नाव नाई, कागुद नाई. घरात कोनी बोलत नाई. आता मलेच कवा कवा वाटते, तो झाला होता का नाई. हिचं तसं नाई होऊ देनार मी."

एवढं बोलून ती गिऱ्हाइकाला फुटाणे मोजून देऊ लागली.

मी घरी आले. माझा स्वतःचा जन्म कधीचा, हे मला माहीत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लिहिला. आमच्या वर्गात जवळपास सगळ्यांचाच एक जून. आम्ही सगळे म्हणे एकाच दिवशी जन्मलो, शाळा सुरू व्हायच्या सोयीनं. ते आजवर मी गमतीनं सांगत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा राग आला. यांना मी म्हटलं की औंदा जन्माचा रकाना भरायचा. यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "नियम मी केला होता, फळा तू लिहितेस."

आता भैयाजींचं. त्याच वर्षी त्यांना नातू झाला, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात. गावभर पेढे वाटले. मिलच्या पाटीवर नातवाचं नाव आलं, दोन्ही ट्रॅक्टरांवर आलं, विहिरीच्या कठड्यावर आलं, देवळाच्या नव्या पायरीवरही आलं, आणि हे सगळं मीच रंगवलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते स्वतः घरी आले. कधी नाही ते ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले की फळ्यावरचा मधला रकाना असाही रिकामाच जातो, तर त्यात या वर्षी आमच्या नातवाचं नाव येऊ द्या. शतक बदलतं आहे, फळाही आपलाच आहे. बोलण्यात अरेरावी नव्हती. ज्याला कोणी कधी नाही म्हटलेलं नाही, त्याच्या बोलण्यात असतो तसा निवांतपणा होता. मी म्हटलं, बघते. पेंटरच्या तोंडी 'बघते' म्हणजे नाही, हे दुकानदारांना कळतं. भैयाजींना कळलं नाही.

त्या वर्षीचा फळा एरवीही अवघड होता. वर्ष संपता संपेना. डोंगरावरची लढाई झाली होती, निवडणूक झाली होती, ओडिशाकडं वादळानं कहर केला होता, ते सगळं 'घडलं'मध्ये बसवलं. पण नाताळाच्या आदल्या दिवशी आपलं विमान पळवून नेलं होतं आणि ते अजून परत आलेलं नव्हतं. शेवटच्या दिवशी सकाळी मी शिडीवर चढले तेव्हाही माणसं विमानातच होती. वर्षाचा हिशोब लिहायचा आणि शेवटची ओळ माहीत नाही, असं कधी झालं नव्हतं. मी ती ओळ कोरी सोडली. शिडीखाली हे मांडीवर रेडिओ घेऊन बसले. लोक येऊन विचारायचे, सुटले का. हे नाही म्हणून मान हलवायचे.

'गेले' लिहून झालं. मग मी इंदूला बोलावून घेतलं आणि विचारलं, पोरीचं नाव काय लिहू. सासूनं काही ठेवू दिलं नव्हतं. यांनी खालून सुचवलं, सीमा ठेवा. इंदूनं नाही म्हटलं. सीमेपायीच तर एवढा घोळ झाला, पुन्हा तेच नाव कशाला. मग तिनं नाव सांगितलं आणि मी मधल्या रकान्यात सुतळी मारली. दर वर्षीची लोंबी काढली नाही. पिवळ्या रंगानं लिहिलं:

पल्लवी. आई इंदू. महाराष्ट्र दिनी, दोन जिल्ह्यांच्या मधल्या रस्त्यावर, मोहाच्या झाडाखाली.

संध्याकाळच्या बातम्यांत कळलं की विमानातली माणसं सुटली. मी पुन्हा शिडीवर चढले आणि 'घडलं'मधली शेवटची ओळ भरली. चौकात लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमानासाठी वाजवल्या, मला माहीत आहे. पण मी शिडीवर होते, तेव्हा थोड्या मी ठेवून घेतल्या.

टाळ्यांचा आवाज ऐकून भैयाजी आले. बरोबर नेहमीची चार माणसं. त्यांनी वरपासून वाचायला सुरुवात केली, मधल्या रकान्यापाशी आले आणि थांबले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. इंदू तिथंच उभी होती, पोर कडेवर.

"पेंटरबाई, हा देशाचा फळा आहे का मजुरायचा?"

"देशाचाच आहे, भैयाजी. म्हनून तर लिहिलं. दोनी जिल्हे आमची नाई म्हनतात. देशाले तसं म्हनता येत नाई."

"आन् माह्या नातवानं का पाप केलं?"

"काईच नाई. त्याचं नाव मिलवर आहे, टॅक्टरवर आहे, हिरीवर आहे, देवळावर आहे. मीच लिहिलं. हिचं एकाही जागी नाई. जिचं नाव कोठंच नाई, ती या रकान्यात."

त्यांनी मला सांगितलं की ते पुसा. मी सांगितलं की हा रंग आहे, खडू नव्हे. ते म्हणाले की पत्रा माझा आहे. मी म्हटलं, पत्रा तुमचा, अक्षर माझं. भैयाजी वळले आणि चालू लागले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलचे दोन हमाल आले आणि स्क्रू काढून फळा उतरवू लागले. त्यातला एक माझ्याच नात्यातला. मान वर न करता म्हणाला की आम्हाला बोलू नका, आम्ही पोटासाठी करून राहिलो. त्यांनी पत्रा पाठीवर घेऊन मिलकडं नेला. वाटेत लोक वाचत होते, आणि हमालांना तो उलटा धरायचं सुचलं नाही. गावाच्या ज्या टोकाला फळा कधी गेला नव्हता, त्या टोकापर्यंत इंदूच्या पोरीचं नाव असं फिरून आलं.

भिंतीवर फळ्याच्या जागी चौकोनी पांढरा डाग राहिला. तो पाहून मला रडू आलं नाही, संताप आला. मी घरी येऊन यांना विचारलं की आपली बाहेरची भिंत कोणाची आहे. हे म्हणाले, आपली. मी म्हटलं, मग झालं. सासरे जिच्यालगत ताणा करायचे ती भिंत बाजाराच्या रस्त्याकडं तोंड करून आहे. मी ती घासून काढली, दोन हात काळा ऑइल पेंट दिला आणि वाळू दिला. मग सुतळी मारली. शीर्षक तेच, रकाने तेच. लढाई, निवडणूक, वादळ, विमान. गेलेले सगळे, नट आणि मंत्री एकाच मापात. मध्ये पल्लवी. पत्रा गेला तसा पत्र्याचा 'फक्त देशाचं लिहायचं' हा नियमही गेला होता. म्हणून 'गेले'च्या रकान्यात, सगळ्या मोठ्या नावांच्या खाली, त्याच उंचीच्या अक्षरात मी आणखी एक ओळ लिहिली:

इंदूचा पहिला मुलगा. नाव ठेवायचं राहून गेलं.

तो त्या वर्षी गेला नव्हता, आधी गेला होता. मला ते माहीत होतं. देशाला उशिरा कळलं, असं समजा.

बाजारच्या दिवशी इंदू टोपली घेऊन आली. चौकातली जागा सोडून आमच्या भिंतीखाली बसली. तिला वाचता येत नव्हतं. यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, वरपासून. शेवटची ओळही त्यांनी तशीच मोठ्यानं वाचली. इंदूनं पुन्हा वाचायला सांगितली. पुन्हा वाचली. ती उठून भिंतीजवळ गेली, कुठली ओळ ते विचारून घेतलं आणि तिथं हात ठेवला. रंग वाळला होता म्हणून बरं. तिची सासू रस्त्याच्या पलीकडं उभी होती. ती बराच वेळ उभी राहिली आणि मग पदर तोंडाला लावून घरी गेली. त्यानंतर "अधांतरी" हा शब्द त्या घरातून मी ऐकला नाही. त्या दिवशी इंदूनं प्रत्येक गिऱ्हाइकाला माप भरून वर एक मूठ जास्त मुरमुरे घातले.

पुढं साकोलीच्या एका वार्ताहरानं भिंतीचा फोटो पेपरात छापला. मग गंमत झाली. आधी दोन्हीकडचे म्हणायचे आमची नाही, ते आता म्हणू लागले आमचीच. दोन्हीकडून माणसं इंदूच्या दारात आली, पहिल्यांदा. शेवटी इकडच्यांनी दाखला दिला आणि जन्मस्थान म्हणून चक्क सानगडी लिहिलं. इंदू तो कागद घेऊन माझ्याकडं आली, मी वाचून दाखवला. ती म्हणाली, हे तर खोटं आहे. मी म्हटलं, हो, पण खोट्याला शिक्का आहे, शाळेत चालेल, ठेव जपून. खरं भिंतीवर आहे.

भैयाजींनी मिलचं काम साकोलीच्या पेंटरला दिलं. त्यांच्या सोयऱ्यांचंही गेलं. मला वाईट वाटलं ते कामाचं नाही. तो साकोलीवाला शिरोरेषा हातानं मारतो, आणि मिलच्या पाटीवर ती अजून उजवीकडं उतरते. मी तिकडून जाताना दुसऱ्या बाजूला बघते. चौकात फळा पुन्हा लागला नाही. रोजची बातमी लिहायचं बंद झालं ही खंत मात्र आहे, ती लपवत नाही. सकाळी रेडिओ ऐकला की अजून बोटांना खडू लागतो.

मग फ्लेक्स आले. आता गावात वाढदिवसाचे एवढे फ्लेक्स लागतात की देशात मोठी माणसं जन्मतात ती सगळी आमच्याच चौकात, असा परक्याचा समज व्हावा. ते दोन पावसाळ्यांत फाटतात आणि लोक त्यांनी लाकडं झाकतात. माझी भिंत आहे तशी आहे. एका सिमेंटवाल्यानं जाहिरातीसाठी मागितली, एका उमेदवारानं हात जोडून मागितली. दोघांनाही मी म्हटलं, जागा भरलेली आहे. दर दिवाळीला घर रंगवताना मी त्या अक्षरांवर नवा हात फिरवते. हे गेले त्या वर्षीही फिरवला.

या वर्षी माझाच हात थरथरू लागला. यांच्या हातासारखाच. दिवाळीच्या आधी मी शिडी लावली, चढले आणि उतरले. खाली बसून होते तेवढ्यात पल्लवी आली. ती एसटीत कंडक्टर आहे. तिची गाडी रोज दोन्ही जिल्ह्यांतून जाते आणि त्या मोहाच्या झाडापाशी थांबा नसताना ती बेल मारते, असं ड्रायव्हर सांगतो. सुट्टीवर घरी आली होती. माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, चप्पल काढली आणि ब्रश घेऊन शिडीवर चढली. तिनं जन्मात कधी ब्रश धरला नव्हता.

आधी तिनं भावाची ओळ घेतली. जीभ दातात धरून, एकेक अक्षर. मग मधल्या रकान्याकडं आली. रंग खाली ओघळला, रेघ डावीकडून सुरू झाली आणि जुन्या रेघेवरून निसटून वर चढत गेली, 'पल्लवी' म्हणता म्हणता बोटभर वाकडी. तिनं मागं न बघता विचारलं, "बरोबर आहे ना, आजी?"

मी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभी होते. बरोबर आहे म्हटलं, आणि एकदाही 'सरळ लिही' म्हटलं नाही.